नमुना नाही, तरी सिग्नल आहे!

प्रश्न: प्रयोगशाळेतच एनएमआरचा (चुंबकात ठेवलेल्या अणुकेंद्रांचे रेडिओ सिग्नल टिपायचं तंत्र) प्रोब, म्हणजे नमुना आणि त्याभोवतीची कॉइल धरणारा भाग, बनवतोय. चुंबक ७ टेस्लाचा, तापमान ४.२ केल्व्हिन, म्हणजे द्रवरूप हेलियम. सोडियमचा सिग्नल मिळाला म्हणून खूश होतो, पण नमुना काढून घेतला तरी सिग्नल तसाच! शिवाय बाहेर जुळवलेलं ट्यूनिंग (कॉइल कोणत्या वारंवारतेला ऐकते ते) हेलियममध्ये गेलं की सरकतं. — पीएचडीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर: कॉइल तांब्याच्या तारेची असणार. मग तुम्ही ऐकताय ती तारच. ७ टेस्लाला सोडियम-२३ साधारण ७८.८ मेगाहर्ट्झवर दिसतो आणि धातूतलं तांबं-६३ ७९.२च्या आसपास; अगदी भिंतीला भिंत. त्यात खोलीच्या तापमानापासून ४.२ केल्व्हिनपर्यंत उतरलात की अणुकेंद्रांचं चुंबकन सुमारे सत्तर पट होतं. नमुन्याचं होतं, तसं तारेचंही.

चांदीची तार वापरा. चांदीच्या रेषा, म्हणजे आलेखावरचे तिचे सिग्नल, याच चुंबकात १२ ते १४ मेगाहर्ट्झला, लांब कुठेतरी. पण सराफाकडची आणू नका, दागिन्यांच्या चांदीत बहुधा तांबंच मिसळलेलं असतं. शुद्ध, ९९.९९ टक्क्यांची मागवा.

हसत नाही हं मी तुम्हाला. माझ्या पहिल्या प्रोबमध्ये नमुना हलू नये म्हणून मी प्लंबरची पांढरी टेप गुंडाळली होती. फ्लोरिनची इतकी देखणी रेषा आली की आठवडाभर मी तिचेच आलेख काढत बसले. टेप टेफ्लॉनची, आणि टेफ्लॉनमध्ये फ्लोरिन ठासून भरलेला! बरं, नमुनाही हललाच, कारण हेलियमपर्यंत थंड केल्यावर टेफ्लॉन जवळजवळ दोन टक्के आकसतं. तेव्हापासून नवा प्रोब आधी रिकामाच थंड करते आणि तो आलेख वहीत चिकटवून ठेवते.

ट्यूनिंग सरकणारच. थंडीत तारेचा रोध पडतो, अनुनाद टोकदार होतो, कपॅसिटरही बदलतो. म्हणून ते थंडीतच जुळवायचं: ट्रिमर कपॅसिटरला (स्क्रू फिरवून कमीजास्त करता येणारा कपॅसिटर) लांब दांडी जोडून वरून फिरवायचा. दांडी पितळेची नको, पातळ स्टेनलेस नळीची किंवा फायबरग्लासची करा. खाली एक वॉट उष्णता झिरपली तरी तासाला सुमारे १.४ लिटर हेलियम उडतं, आणि बिल कोणाच्या नावावर येतं ते तुम्हाला माहीत आहेच. आत उतरवण्याआधी ट्रिमरचे एकूण फेरे मोजून ठेवा. शेवटाला अडकलेला स्क्रू वरून कळत नाही, मी एक मोडलाय.