टायर दारात येऊन पडले, आता बसवायचे का परत पाठवायचे?

प्रश्न : दादा नमस्कार. माझी 2018 ची डिझायर आहे, टायर 165/80 आर14. जुने पार गुळगुळीत झाले म्हणून दिवाळीनंतर ऑनलाइन चार मागवले, गावातल्या दुकानापेक्षा नगामागं साडेतीनशे रुपये स्वस्त दिसले. फिटिंग सेंटर निवडा म्हणत होतं पण आमचा पिनकोड टाकला की थेट लातूर दाखवायलं, मंग घरीच मागवले. दोन टायर चार दिवसात आले, दोन बारा दिवसांनी, ते पण कुरिअरवाल्यानं घरी न आणता स्टँडजवळच्या ऑफिसात टाकून फोन केला, रिक्षा करून आणावे लागले. आता बघतोय तर पहिल्या दोनवर 2925 आहे अन दुसऱ्या दोनवर 4622. इथला टायरवाला म्हणायलाय हा तीन वर्षांचा जुना माल हाय, वर बसवायचे नगाला दोनशे सांगायलाय. विकणारा म्हणतो वापरलेले नाहीत, नवेच आहेत, रिटर्न होणार नाही. काय करू?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आधी एक करा, ते टायर आहेत तसेच राहू द्या, बसवू नका. एकदा रिमवर चढवून हवा भरली की तो वापरलेला टायर झाला, मग तुमचं कुणीच ऐकत नाही.

टायरवाल्यानं बरोबर वाचलंय. ते चार आकडे म्हणजे आठवडा अन वर्ष, 4622 म्हणजे 2022 चा सेहेचाळिसावा आठवडा, नोव्हेंबर महिना. तुमचे बाकीचे दोन 2025 च्या जुलैतले, ते झकास आहेत. आता सहा-आठ महिने, अगदी वर्षभर गोदामात राहिलेला टायर काही खराब होत नाही, त्याचा उगं बाऊ करू नका. पण तीन वर्षं जरा जास्तच झाली. रबर न वापरता पण कडक होत जातं, अन गर्मीत लवकर होतं. थंड अंधाऱ्या गोदामात तीन वर्षं वेगळी आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तीन वर्षं वेगळी, अन तुमचा टायर कुठं पडून होता ते विकणारा सांगणार नाही. कडक रबराची पकड ओल्या डांबरावर कमी पडते, सुक्या रस्त्यावर तुम्हाला कळणार पण नाही.

रिटर्नचं म्हणाल तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमात सरळ लिहिलंय, माल सदोष असला किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला तर विकणाऱ्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. म्हणून त्या पेजवर 'फ्रेश स्टॉक' असं काही लिहिलं होतं का ते आजच बघा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण पेज उद्या बदलतं. लिहिलेलं असेल तर तुमची बाजू भक्कम. काहीच लिहिलं नसेल तर जरा भांडावं लागेल, तिथं खोटी आशा लावत नाही. चारही टायरच्या आकड्यांचे फोटो, बिल जोडून वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पाठवा, फोनवर बोलत बसू नका. त्यानं 48 तासात पोच द्यायची असते अन महिन्यात निकाल. नाहीच हलला तर 1915 ला, म्हणजे सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. पुढं ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर विकणारा मुंबईचा असो की दिल्लीचा, तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात म्हणजे बीडलाच तक्रार करता येते, आणि पाच लाखापर्यंतच्या मालाला फी पण नाही. बिल काढलंच आहे तर जीएसटी बघून घ्या, 22 सप्टेंबर 2025 पासून कारच्या टायरवर 28 चा 18 टक्के झालाय.

आता हिशोब करू. साडेतीनशेप्रमाणे चौदाशे वाचले. त्यातून बसवायचे आठशे गेले, रिक्षाचे दीडशे धरा, राहिले साडेचारशे, अन त्यापायी पंधरा दिवस डोक्याला ताप. दुकानातून घेतला असता तर बसवणं बहुतेक त्यातच झालं असतं. गंमत बघा, टायरचा कारखाना आपल्या वाळूजला अन आपण मागवायचे कुठल्या तरी लांबच्या गोदामातून. मी स्वतः काय करतो, ऑनलाइनचा भाव मोबाइलवर काढून दुकानदारापुढं धरतो, ह्या भावात देता का म्हणतो. शंभर-दीडशे तरी सोडतात, अन आकडा डोळ्यानं बघून घेता येतो. आकडा पूर्ण बहुतेक एकाच बाजूला असतो, लांबट गोलात, ओल्या फडक्यानं पुसा म्हणजे दिसतो.

प्रश्न : मागवला 165/80 आर14, आला 165/70 आर14. विकणारा म्हणतो चौदा इंचीच आहे, बसतो. बसवू का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : बसतो, तेवढं खरं बोलला. पण 80 चा टायर साधारण 620 मिलिमीटर उंच, 70 चा 587. म्हणजे गाडी सोळा-सतरा मिलिमीटर खाली बसणार, आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता चेंबर घासलंच म्हणून समजा, अन काटा 80 दाखवेल तेव्हा गाडी 76 च्या आसपासच पळत असेल. त्याहून मोठं म्हणजे वजन. साइजपुढं 85 असतं ना, त्याचा अर्थ एक टायर 515 किलो पेलतो. 70 वाल्यावर बहुतेक 81 असतं, 462 किलो. चार टायर धरले तर दोनशे किलोच्या वर फरक, लग्नाला सगळं घर कोंबून निघालात की कळेल. चुकीचा माल आहे, त्याला परत घ्यावाच लागतो.

प्रश्न : दोनच नवे घेतलेत. पुढं टाकू का मागं?
— एक वाचक, वसमत

उत्तर : मागं. टायरवाला पुढंच म्हणेल, कारण आपल्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकावर ओढतात. पण पावसात पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंग हलकं लागतं, तुम्ही अॅक्सिलरेटर सोडता, गाडी सावरते. मागची सुटली तर समजायच्या आत गाडी आडवी.