‘टीममधलं कुणी मला उत्तरच देत नाही’

‘टीमला मी नकोशी झालेय’ ही तक्रार घरून काम करणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. नागपुरातली एक तिशीतली सॉफ्टवेअर इंजिनिअर मे महिन्यात हेच सांगत आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) टीममधले काही जण पुण्यात, काही न्यूयॉर्कला. रात्री दोनला उठून ती फोन बघायची.

आधी आठवडाभर तिने एक तक्ता भरला: मेसेज कधी पाठवला, उत्तर कधी आलं, मधल्या वेळात मनात काय आलं. सकाळी अकराला ती ‘हाय, एक विचारायचं होतं’ एवढंच लिहायची. उन्हाळ्यात तेव्हा न्यूयॉर्कला रात्रीचा दीड वाजलेला असतो. संध्याकाळी सातनंतर ‘हो, विचार’ असं यायचं, तोवर हिचा लॅपटॉप बंद. प्रश्न दुसऱ्या सकाळी, उत्तर त्या संध्याकाळी. साध्या शंकेला दोन दिवस लागायचे आणि ते दोन्ही दिवस ती स्वतःला दोष देत राहायची.

आता ती अख्खा प्रश्न एकदाच लिहिते: काय अडलंय, काय करून पाहिलं, निर्णय कुणाकडून आणि कधीपर्यंत हवा, उत्तर आलं नाही तर ती काय करणार. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. त्याने काम थांबत नाही आणि वाट पाहण्याची तगमगही उतरते.

कूलरच्या आवाजामुळे ती कॉलवर सतत म्यूट असायची. हिला रसच नाही, असा इतरांचा समज झाला होता. माइक तोंडाजवळ येणारा हेडसेट घेतला, कारणही एकदा सांगून टाकलं. तेवढ्याने भागलं.

पुण्याचं दुखणं मात्र खरं होतं. तिथली मंडळी चहाला उभी राहून निर्णय घेत आणि हिला ते दोन दिवसांनी कळत. असल्या वेळी ‘तुम्ही फार मनावर घेता’ म्हणणं अन्यायाचं आहे. ‘मला डावलतात’ असं मोघम न बोलता मॅनेजरपुढे दोन ठोस प्रसंग ठेवावेत: निर्णय कोणता, तो कधी कळला, किती काम पुन्हा करावं लागलं. मग मागणी एकच, निर्णय त्याच दिवशी ग्रुपवर लिहिला जावा. मॅनेजरने ती मान्य केली. पुणेकर अजून अधूनमधून विसरतात, तेव्हा ती स्वतःच विचारून लिहून टाकते.

रात्री साडेदहानंतर फोन बाहेरच्या खोलीत राहू लागल्यावर झोप हळूहळू सुधारली. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक बिघडलेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत बोलता येतं.