वाचकांच्या पत्रांच्या डेस्कवर नवीन आहेस ना, मग हे आधी वाच

अरे घाबरू नकोस, पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच वाटतं की एवढ्या ढिगातून निवडायचं काय. सध्या एवढंच सांभाळ.

१) नाव, गाव, फोन नसलेलं पत्र बाजूला ठेव. आणि फोन करून विचारच, "हे तुम्हीच लिहिलंय ना?" मी एकदा नाही केला तर भलत्याच्याच नावाने कोणीतरी सोसायटीच्या सेक्रेटरीवर भडास काढलेली छापून आली, दोन दिवस फोन खाली ठेवता आला नाही.

२) काटछाट कर पण म्हणणं बदलू नकोस. चारशे शब्दांचं दीडशे करताना नवीन लोक सुरुवात जपतात आणि शेवट उडवतात, खरा मुद्दा बऱ्याचदा तिसऱ्या परिच्छेदात असतो, त्याआधी सगळी "आपल्या लोकप्रिय दैनिकातून"वाली प्रस्तावना, तीच कापायची. वऱ्हाडी, मालवणी शब्द आला तर राहू दे, शुद्ध करत बसू नको.

३) नाव घेऊन आरोप असेल तर सरळ वरिष्ठांना दाखव. "मत वाचकाचं आहे" म्हणून सुटका नाही, बदनामीचं कलम (आता न्याय संहितेतलं ३५६) छापणाऱ्यालाही लागतं.

आणि हो, रोज लिहिणारे चार-पाच काका असतातच, त्यांना दुखवू नको पण पानही त्यांचं करू नको. मथळे, लेआउट वगैरे नंतर बघू.