सरकारी कार्ड हातात असताना आरोग्य विमा घ्यावा का?

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील एका शेतकरी वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे : वय 46. पत्नी 41 वर्षांची असून तिला तीन वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या सुरू आहेत. मुलगी बारावीला, मुलगा नववीला, आणि 72 वर्षांची आई सोबत राहते. सहा एकर कोरडवाहू शेतीत कापूस, सोयाबीन आणि तूर. खर्च वजा जाता वर्षाला अडीच ते तीन लाख रुपये हाती राहतात. बँकेत 1 लाख 60 हजारांची मुदत ठेव आहे आणि 1 लाख 20 हजारांचे पीककर्ज आहे. विमा प्रतिनिधीने पाचही जणांसाठी 10 लाखांच्या पॉलिसीचा वार्षिक हप्ता 38 हजार रुपये सांगितला आहे. साळे म्हणतात की सरकार पाच लाखांपर्यंतचे उपचार देतेच आहे, पुढे सगळेच मोफत होणार आहे, तेव्हा दोन वर्षे थांबा. वडिलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी सावकाराकडून घेतलेले पैसे फेडताना नाकीनऊ आले होते, म्हणून थांबण्याचीही भीती वाटते. काय करावे?

आपल्या साळ्यांचे निम्मे म्हणणे खरे आहे आणि प्रतिनिधीचेही निम्मेच. माझ्या मते आपण पॉलिसी घ्यावी, पण ही नव्हे; आणि ती घेण्याआधी जे फुकट मिळते आहे ते पदरात पाडून घ्यावे.

सरकारी योजनेपासून सुरुवात करतो. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर 2018 मध्ये आली. राज्यात 2012 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि दोन्ही योजना एकत्रितपणे राबवल्या जातात. यवतमाळ हा शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेल्या चौदा जिल्ह्यांपैकी एक असल्याने तेथील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना या योजनेत आधीपासूनच स्थान होते. जुलै 2024 पासून शिधापत्रिकेचा रंग कोणताही असला तरी प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. आपल्या आईंच्या बाबतीत तर गोष्ट आणखी सोपी आहे, कारण 70 वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, आणि कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांचे पाच लाख त्या कुटुंबाच्या पाच लाखांव्यतिरिक्त असतात. शिवाय जुना आजार असला तरी या योजनेत पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. कोणतीही खासगी कंपनी 72 व्या वर्षी अशा अटीवर पॉलिसी देणार नाही.

आपण लिहिता की या योजनेचे कार्ड फक्त आपले स्वतःचे काढलेले आहे. हे काम या आठवड्यातच उरकून घ्या. पाचही जणांचे आधार, शिधापत्रिका आणि नावे जुळतात की नाही हे आधी पाहा. शिधापत्रिकेवर पत्नीचे माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि मुलाचे नाव अद्याप चढवलेलेच नाही, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तो लक्षात येतो तो रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या खिडकीपाशी, रुग्ण स्ट्रेचरवर असताना. तहसील कार्यालयाचे दोन हेलपाटे आज मारलेले बरे.

आता साळ्यांच्या म्हणण्यातला दुसरा, कच्चा भाग. कार्ड चालते ते योजनेत असलेल्या रुग्णालयांतच, ठरवून दिलेल्या उपचारांपुरते आणि बहुतांशी रुग्ण भरती झाल्यावर. पत्नीच्या रोजच्या गोळ्या, दर तीन महिन्यांच्या रक्ततपासण्या, डॉक्टरांची तपासणी फी यांपैकी काहीही त्यात बसत नाही. यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे, पण हृदय, मेंदू किंवा कर्करोगाचे काही निघाले की वर्ध्याजवळचे सावंगी, सेवाग्राम किंवा थेट नागपूर गाठावे लागते, आणि यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. तिथे मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा एम्समध्ये खाट कधी मिळेल हे कार्डावर लिहिलेले नसते. रात्री दोन वाजता जवळच्या ज्या खासगी रुग्णालयात आपण पोहोचाल, ते योजनेत नसेल तर त्या रात्रीपुरते कार्ड निरुपयोगी ठरते. आपल्या वडिलांच्या वेळी सावकाराकडे जाण्याची पाळी नेमकी अशाच घाईत आली असावी, असे पत्रावरून वाटते.

राहिला प्रश्न पुढे सगळे मोफत होण्याचा. दिशा योग्य आहे, हे मी मान्य करतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार आणि तपासण्या निःशुल्क झाल्या. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याची असल्याने त्या निर्णयात आली नाहीत. परंतु वेग पाहा. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्य खर्च 2025 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते, आणि 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता. सर्व शिधापत्रिकाधारकांना पाच लाख देण्याचा शासन निर्णय जुलै 2023 चा. तो प्रत्यक्षात यायला पुढचा जुलै उजाडला. आजवरच्या सुधारणांनी कार्डधारकांची संख्या वाढवली, रुग्णालयातील भरतीचा खर्च उचलला. पण ज्या गोळ्या, तपासण्या आणि प्रवासात शेतकरी कुटुंबाचा पैसा महिनोन्महिने झिरपतो त्यांना त्यांनी फारसा हात घातलेला नाही, आणि डॉक्टर नसलेल्या ग्रामीण रुग्णालयात कोणतेही कार्ड डॉक्टर आणून बसवू शकत नाही. त्यामुळे दोन वर्षांत चित्र पालटेल असे गृहीत धरून मी कोणालाही पैशाचा निर्णय घ्यायला सांगणार नाही.

शिवाय थांबण्याची किंमत दोन्ही बाजूंना सारखी नसते, आणि या पत्राला उत्तर देताना मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण आज पॉलिसी घेतली आणि दोन वर्षांनी खरोखरच सगळे मोफत झाले, तर नूतनीकरण करू नका. दोन हप्ते गेले, एवढेच नुकसान. उलट आपण थांबलात आणि काहीच बदलले नाही, तर तोवर आपण 48 चे व्हाल, पत्नीचा मधुमेह पाच वर्षांचा होईल, कदाचित रक्तदाबही जोडीला येईल. मग कंपनी हप्ता वाढवील किंवा पॉलिसी नाकारीलही. विम्याची प्रतीक्षा मुदत, म्हणजे ज्या काळात कंपनी ठरावीक आजारांचा खर्च देत नाही तो काळ, पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजली जाते, गरज पडल्या दिवसापासून नव्हे. आधीच्या आजारांसाठी ती जास्तीत जास्त 36 महिने असू शकते, म्हणजे आज घेतलेली पॉलिसी पत्नीच्या मधुमेहाशी निगडित भरतीसाठी फार तर तीन वर्षांनी उपयोगी पडू लागेल. तीन वर्षे ही कधीतरी काढावीच लागणार आहेत.

मग कोणती पॉलिसी? आईंना त्यातून वगळा. कौटुंबिक पॉलिसीचा हप्ता घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच्या वयावर ठरतो, त्यामुळे 38 हजारांतील मोठा हिस्सा केवळ त्यांच्या वयापोटी आहे, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र पाच लाखांचे सरकारी संरक्षण आहेच. आपण, पत्नी आणि दोन मुले अशा चौघांसाठी पाच लाखांच्या पॉलिसीचा हप्ता विचारा. माझ्या अंदाजाने तो पंधरा ते वीस हजारांच्या दरम्यान यावा, मधुमेहामुळे थोडा वर. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी रद्द झाला आहे, तेव्हा जुन्या तक्त्यावरून हप्ता सांगत असतील तर तो मान्य करू नका. प्रतिनिधीने करबचतीचाही उल्लेख केला आहे असे आपण लिहिता. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने आपल्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

कदाचित तो प्रतिनिधी आपल्याला दुसरा, स्वस्त पर्याय सुचवील : पहिले पाच लाख कार्डातून आणि त्यावरचे टॉप-अप पॉलिसीतून. कागदावर हे आकर्षक दिसते. परंतु रुग्णालय योजनेत नसेल तर कार्डाचे पाच लाख मिळत नाहीत आणि टॉप-अप पाच लाखांच्या खाली एक रुपयाही देत नाही, म्हणजे नेमक्या अडचणीच्या रात्री मधला सगळा खर्च आपल्या अंगावर येतो. आपल्यासाठी तो पर्याय नाही.

पॉलिसीत एकच कलम बारकाईने वाचा, खोलीच्या भाड्याचे. समजा मर्यादा दिवसाला 3 हजार आहे आणि यवतमाळात किंवा नागपुरात 6 हजारांची खोली घ्यावी लागली, तर अनेक पॉलिसींत केवळ भाड्याचा फरक कापला जात नाही. शस्त्रक्रियेचे शुल्क, डॉक्टरांच्या भेटी अशी खोलीशी निगडित बिलेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने, कापली जातात. लाखाच्या बिलात तीस-चाळीस हजार असे खिशातून जातात आणि लोक म्हणतात की विमा कंपनीने फसवले. भाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग असली तरी तीच घ्या.

“शुगर अर्जात लिहू नका, हप्ता वाढेल,” असे आपल्याला सांगितले गेले आहे. हा सल्ला अजिबात ऐकू नका. माहिती लपवल्याचे उघड झाले तर पहिल्या 60 महिन्यांत कंपनी दावा फेटाळू शकते, आणि त्यानंतरही फसवणूक सिद्ध झाल्यास तिला मुभा राहते. गोळ्यांच्या चिठ्ठ्या दवाखान्याच्या नोंदीत असतातच. भरतीच्या वेळी त्या निघतात.

विमा घेतला तरी हाती रोकड हवीच. आपल्या ठेवीपैकी 80 हजार आजारपणासाठी बाजूला काढा आणि त्यांच्या वीस-वीस हजारांच्या चार पावत्या करा, म्हणजे गाडीभाडे, बाहेरून आणायला सांगितलेली औषधे आणि सोबतच्या माणसाचा मुक्काम यांसाठी एकच पावती मोडावी लागेल, सगळी ठेव नव्हे. उरलेले 80 हजार मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी राहू द्या, त्यांना हात लावू नका. बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापले जाणारा पंतप्रधान सुरक्षा विमा नसेल तर तोही सुरू करा. अपघाती मृत्यूसाठी त्यात दोन लाख मिळतात. सर्पदंश, वीज पडणे किंवा फवारणीतील विषबाधा यांत मृत्यू आल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत कुटुंबाला साहाय्य मिळते, त्याला हप्ता नाही.

हप्त्याची तारीख मात्र विचारपूर्वक निवडा. प्रतिनिधी जूनमध्येच फॉर्म भरून घेण्याची घाई करील, पण जून म्हणजे बियाणे, खते आणि पेरणी. दरवर्षी नूतनीकरण त्याच महिन्यात आले तर एखाद्या वर्षी ते हमखास चुकेल. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी आरोग्य विमा सुरू केला तेव्हा सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपात वर्गणी घेतली होती. शेतकऱ्याच्या हाती केव्हा काय असते हे त्यांना ठाऊक होते. आपण पॉलिसी डिसेंबरात, कापसाचे चुकारे हाती आल्यावर सुरू करा, आणि तोवर कार्डांचे काम पूर्ण करा. वार्षिक हप्ता चुकलाच तर 30 दिवसांच्या सवलतीच्या मुदतीत भरल्यास प्रतीक्षेची सरलेली वर्षे शाबूत राहतात, परंतु मधल्या दिवसांत संरक्षण नसते. एखाद्या वर्षी पीककर्ज आणि हप्ता दोन्ही भरता येणार नाहीत अशी वेळ आली, तर कर्ज मुदतीत फेडून व्याजाची सवलत टिकवा आणि आजारपणासाठी बाजूला काढलेल्या पावत्यांपैकी एक हप्त्यासाठी मोडा. सावकाराच्या दारी जाण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते.

पॉलिसीचा कागद घरी आला की त्यात चौघांची नावे, जन्मतारखा आणि पत्नीच्या मधुमेहाची नोंद आहे का ते मुलीकडून वाचून घ्या. नोंद नसेल तर पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते आणि किरकोळ वजावट होऊन पैसे परत मिळतात. त्यासाठी प्रतिनिधीवर विसंबून राहू नका, कंपनीला स्वतः लेखी कळवा आणि पोच घ्या.