वाचकांचे प्रश्न : छर्‍याची बंदूक आणि बफिंगवाला

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत छर्‍याची एक बंदूक सापडली. तिच्यावर ‘डायना’ आणि ‘मेड इन ग्रेट ब्रिटन’ असं कोरलंय. डायना तर जर्मन, म्हणजे ही नक्कल, असं ओळखीच्या एकाचं म्हणणं. मुलगा म्हणतो, बफ मारून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, नवी करू. काय करावं? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नक्कल मुळीच नाही! डायना मूळची जर्मनीतल्या राष्टाटची. कारखाना १८९० सालचा. तिचा शिक्का मला फार आवडतो : शिकारीची देवी धनुष्य भिरकावून देते आहे आणि दुसऱ्या हातात एअरगन, म्हणजे हवेची बंदूक, उंच धरली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्याची यंत्रं आणि हे नावसुद्धा युद्धभरपाईत ब्रिटनकडे गेलं. मग स्कॉटलंडमधल्या मदरवेलला मिलब्रो कंपनी ‘डायना’ बनवू लागली. इकडे जर्मन कारखाना पुन्हा उभा राहिला, पण ब्रिटनमध्ये त्याला स्वतःचंच नाव वापरता येईना. तिथे तो ‘ओरिजिनल’ नावाने माल विकायचा. नाव परत मिळालं १९८४ मध्ये. तुमची बंदूक त्या मधल्या काळातली, मदरवेलची.

मुलाला मात्र हात जोडून सांगा, बफिंगवाल्याकडे जाऊ नकोस. बफ लागला की कोरलेल्या अक्षरांच्या कडा बुजतात आणि पोलादावरची निळसर-काळी झाक जाते ती कायमची. संग्राहक आधी तेच पाहतो. हाताळून झिजलेली बंदूक चालते, घासून चकचकीत केलेली नको वाटते. सुती फडक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घेऊन पुसा, एवढं पुरे.

छर्रा न घालता चाप ओढू नका. पुढे हवा अडत नाही, त्यामुळे पिस्टन (स्प्रिंगच्या जोराने हवा दाबणारा दट्ट्या) धाडकन आदळतो आणि स्प्रिंग तुटू शकते. जुन्या बंदुकांत पिस्टनवर चामड्याचं वॉशर असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ट्रंकेत पडून ते वाळतं आणि बार फुसका निघतो. गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडायला बंदुका लावणाऱ्यांना विचारा, वॉशर तेलावर कसं ठेवायचं ते त्यांना नीट ठाऊक असतं.

आणि नळीचं माप बघा. ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ इंचापेक्षा मोठी असेल किंवा ताकद २० ज्यूलच्या वर असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागतो. .२२ निघाली तर आधी पोलीस ठाण्यात जाऊन बोला.

प्रश्न : हवेच्या बंदुकीने कधी लढाई झाली आहे का? – एक विद्यार्थी, अक्कलकोट

उत्तर : झाली आहे. ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे १७८० च्या सुमाराची गिरार्डोनी रायफल होती. दस्ता म्हणजेच हवेची टाकी. ती भरायला पंपाचे सुमारे १५०० दट्टे मारावे लागत. नळीशेजारच्या नळकांड्यात वीसेक शिशाच्या गोळ्या. बंदूक वर उचलून आडवा ठोकळा सरकवला की पुढची गोळी जागेवर. धूर नाही, आवाज कमी. पण टाक्या नाजूक आणि दुरुस्ती किचकट, म्हणून सैन्याने पुढे ती सोडली. अशीच एक अमेरिकेत पश्चिमेचा मुलूख धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या १८०४-०६ च्या मोहिमेत होती.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये हातातल्या काठीतही एअरगन बनत. घरात अशी जुनी, जड, मूठ पेचाने निघणारी काठी असेल तर फोटो जरूर पाठवा. हवा मात्र भरून पाहू नका, जुनी टाकी फुटू शकते.