अमरावती जिल्ह्यातल्या डोंगराळ मेळघाटातलं एकरी उत्पन्न खालच्या सपाटीपेक्षा कमी का? तिथले शेतकरी नवं तंत्र घेत नाहीत म्हणून का?

नाही, मुख्य कारण जमीन आहे. आणि नवं तंत्र बहुतेक सपाट काळ्या जमिनीसाठीच तयार झालं. मी खाली अचलपूर भागात शेती करतो, वर मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडची वावरंही पाहतो. खाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती खोल आहे, पाऊस संपल्यावरही ओल धरून ठेवते. वर उतारावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. पाऊस खालच्यापेक्षा जास्त पडतो, पण पाणी मातीसकट वाहून जातं, टाकलेलं खतही त्याच्यासोबत. ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, रुंद वरंबा सरी (रुंद गादीवाफ्यावर पेरणी, बाजूला सरी), हे सगळं सलग सपाट वावरात चालतं. उताराच्या तुकड्यात बैलजोडीच लागते. बियाण्याचंही तसंच. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तिचा फायदा कपाशीच्या पट्ट्याला झाला. मेळघाटातल्या कोरकू आदिवासी शेतकऱ्याच्या कोदो-कुटकी या भरडधान्यांवर तेवढं संशोधन झालंच नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. ही पिकं हलक्या जमिनीत, जवळपास खताशिवाय येतात. एकरी क्विंटल मोजताना तो न झालेला खर्च कुठेच दिसत नाही.

मात्र सपाटी सगळीकडे सरस नाही. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, ओलीत करता येत नाही. उलट चिखलदऱ्याच्या थंडीत स्ट्रॉबेरी होते. तुलना करायचीच तर आधी मातीची खोली आणि पाणी बघा, मग शेतकरी.