डिव्हिडंड म्हणून स्वतःचंच मुद्दल तर खात नाही ना?

दादा, तुमचा प्रश्न असा की वय ५२, फंडाची रक्कम हातात आलीये, त्यातली निम्मी घरोघरी गॅस पुरवणाऱ्या एकाच पाइपलाइन कंपनीच्या शेअरमध्ये टाकायची आणि २० वर्षं डिव्हिडंड खायचा, कारण जमिनीतला पाइप कुठे पळून जात नाही. पाइप नाही पळत हो, गिऱ्हाईक पळतं, घोडं तिथेच अडतंय.

समजा १०० घरं, नेटवर्कचा वर्षाचा खर्च १०००, म्हणजे घरटी १०. त्यातली ४० घरं हीट पंप (विजेवर घर आणि पाणी तापवणारं यंत्र) आणि इंडक्शनवर गेली तरी गळती तपासणं, व्हॉल्व्हची देखभाल, पगार, कर्जाचं व्याज काही फारसं कमी होत नाही, मग उरलेल्या ६० जणांवर साडेसोळाच्या वर बसतात, ते बघून अजून काही निघतात, आणि शेवटी मागे राहतात ते भाडेकरू नाहीतर ज्यांना बदल परवडत नाही असे. त्यांच्या माथी किती मारायचं यात सरकार कधीतरी पडणारच.

नेदरलँड्सने जुलै २०१८ पासून नव्या घरांना गॅस जोडणी जवळपास बंदच केली. जर्मनीतल्या मानहाइमच्या एमव्हीव्ही या ऊर्जा कंपनीने २०२४ मध्येच सांगून टाकलं की २०३५ पर्यंत गॅसचं वितरण थांबवायचा बेत आहे. आणि न्यूझीलंडच्या कॉमर्स कमिशनने, म्हणजे पाइपलाइन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी रेग्युलेटरने, २०२२ मध्ये पाइपलाइनचं आयुष्य कमी धरून घसारा (पाइपच्या किमतीचा दरवर्षी खर्चात धरून ग्राहकांकडून वसूल करायचा हिस्सा) लवकर वसूल करायला परवानगी दिली.

तुमच्या कामाची गोष्ट ही घसाऱ्याचीच. पाइपचे पैसे ५० ऐवजी २५ वर्षांत वसूल करायचे ठरले की आत्ता कॅश जास्त येते, डिव्हिडंड कसा गुटगुटीत दिसतो, पण रेग्युलेटर ज्या मालमत्तेवर परतावा देतो ती दरवर्षी वितळत चाललेली असते. म्हणजे त्यातला काही भाग तुमचंच मुद्दल, हप्त्याने परत आलेलं! ते खर्चून टाकलंत तर सत्तरीत हातात काय?

ब्रोकर म्हणेल याच पाइपमधून उद्या हायड्रोजन जाईल. तेवढ्याच आकारमानात हायड्रोजनमध्ये ऊर्जा साधारण एक तृतीयांश, म्हणून २० टक्के मिसळला तरी गॅस जेमतेम ७ टक्क्यांच्या आसपास वाचतो, आणि ब्रिटनमध्ये घरं हायड्रोजनवर चालवून बघायचे व्हिटबी आणि रेडकारचे दोन्ही प्रयोग २०२३ मध्ये सुरू व्हायच्या आधीच गुंडाळले. मी त्यावर एक पैसा लावणार नाही.

कारखान्यांना गॅस नेणाऱ्या मोठ्या लाइनचं गणित वेगळं, ती मागणी घरांइतकी पटकन हलत नाही, पण तुमची कंपनी तशी नाही.

निम्मी रक्कम अजिबात नको. फार तर ५ टक्के, तेही डिव्हिडंडचा काही भाग दुसरीकडे गुंतवत राहणार असाल तरच. त्याआधी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून घसाऱ्याची नोट काढा, पाइपचं उरलेलं आयुष्य किती वर्षं धरलंय आणि नेटवर्क बंद करायचा खर्च कुणाच्या नावावर आहे हे दोन आकडे मला पाठवा, मग ५ का शून्य ते बघू.